कोपरीविरुद्धच्या मॅचआधी मी तोंड उघडलं

हसू नका असं सांगून उपयोग नाही, ते मला ठाऊक आहे. हा किस्सा मी दुकानात सांगितला, मेहुण्याच्या पोरीच्या साखरपुड्यात सांगितला, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड बधिर व्हायची वाट बघताना सांगितला. एकानेही सरळ चेहऱ्याने ऐकून घेतला नाही. डॉक्टरला तर पक्कड खाली ठेवावी लागली! तेव्हा तोंडातला चहा आधी गिळून घ्या, म्हणजे शर्टावर यायला नको.

मी कापडवाला. डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. ड्रेसचं कापड, चादरी, पडदे. शिक्षण दहावीपर्यंत, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पुढे ढकलत नेलेलं. बाकी जे शिकलो ते गिऱ्हाइकांनी शिकवलं.

आणि माझी मुलगी मुक्ता ही गोलकीपर! आमच्या घराण्यात खेळ म्हणजे लग्नात परातीतली अंगठी शोधणं, त्यापुढे कोणाची मजल गेलेली नाही. पण ही पोरगी लहानपणापासून काहीही फेकलं की झेलायची. टॉवेल फेका, वाटी फेका, आईची चप्पल फेका. कॉलेजात गेली आणि डोंबिवलीच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये गोलात उभी राहिली.

आता जिल्ह्याच्या लीगमध्ये आमची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये. त्याच डिव्हिजनमध्ये ठाण्याची कोपरीची टीम. या दोघींचं पटणं शक्यच नाही. कोपरीच्या पोरी आम्हाला चिडवणार, "तुमच्या गावात बॉल ठेवायला तरी जागा आहे का गं?" आमच्या पोरी म्हणणार, "तुम्ही लवकर निघा हां, नाहीतर बॉल ट्रॅफिकमध्ये अडकेल." असं सगळं गोडीगुलाबीने!

यंदा शेवटच्या मॅचपर्यंत दोघी गुणांत बरोबरीत आलेल्या. जो जिंकेल तो वरच्या डिव्हिजनमध्ये. बरोबरी झाली तर कोपरी वर जाणार, कारण त्यांचे एकूण गोल जास्त. म्हणजे आम्हाला जिंकायलाच हवं.

त्यात मुक्ताचा जीव अडकलेला. पहिल्या फेरीत याच कोपरीविरुद्ध तिच्या हातातला साधा, सरपटत आलेला बॉल सुटलेला आणि आम्ही हरलेलो. तेव्हापासून घरात तिने काही झेलणंच बंद केलं. मी मुद्दाम सोफ्यावरून संत्रं फेकलं तरी बाजूला व्हायची. संत्रं भिंतीवर!

"बाबा, या मॅचला परत सुटला ना, तर मी ग्लोव्हज कोणाला तरी देऊन टाकीन," असं म्हणाली. हसत म्हणाली, पण बापाला कळतं हो.

टीमच्या मीटिंगा आमच्याच घरी व्हायच्या. कोच गिरीश सरांचं घर लहान आणि आमच्या हिच्या हातचे पोहे मोठे. म्हणजे परात मोठी. पोरी हॉलमध्ये गोल करून बसायच्या, सर वाट्या-चमचे मांडून डाव समजवायचे आणि मी दाराशी उभा राहून ऐकायचो. टीमच्या जर्सीचं कापड मी दिलेलं, त्यामुळे मला कोणी हाकलायचं नाही.

मॅचच्या आठवड्यात दुकानात नीलेश आला. आमच्याच गल्लीतला. मोबाइलवर लोकल बातम्यांचं चॅनल चालवतो. कुठे पाणी येणार नाही, कुठली गल्ली खणली, अशा बातम्या.

"काका, डोंबिवली-कोपरीच्या मॅचचा प्रिव्ह्यू करायचाय. म्हणजे मॅचच्या आधी अंदाज सांगायचा. कोण जिंकेल, कसं जिंकेल."

"अरे, गिरीश सरांना विचार की."

"विचारलं. ते म्हणाले, 'मुली मेहनत घेताहेत, सामना चुरशीचा होईल.' संपलं! यात काय बघणार लोक? काका, तुम्ही बोला. स्पॉन्सर तुम्ही, कीपर तुमची. आणि तुम्ही बोलायला लागलात की बायका स्टेशनला जायच्या थांबतात."

आता सांगा, असं म्हटल्यावर कुठला माणूस नाही म्हणेल? मी केस विंचरले. मागे रेशमी दिसतील असे पडदे लावले. नीलेशने मोबाइल स्टँडवर चढवला.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कापडाच्या दुकानात माल कपाटात ठेवून विकला जात नाही. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की तागा उघडायचा, फर्रकन पसरायचा. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. गिऱ्हाईक "राहू द्या, राहू द्या" म्हणतं तरी उघडायचा. हात थांबता कामा नये. आणि दुसरी गोष्ट, एखादा बारीकसा दोष आपणहून सांगायचा. "ताई, याचा काठ जरा कडक आहे हां, दोन धुण्यांत मऊ होईल." झालं! गिऱ्हाईक विरघळलं. हा माणूस दोषसुद्धा लपवत नाही म्हणजे बाकी सगळं खरंच असणार.

चाळीसेक वर्षं मी हेच केलंय. मोबाइलसमोरही दुसरं काय करणार?

नीलेश म्हणाला, "काका, आपल्या टीमची ताकद काय?"

मी पहिला तागा उघडला. "ताकद विचारतोस? अरे, आमचा कॉर्नर बघ! सायली किक मारते ती गोलाच्या जवळच्या खांबापाशी. सगळ्यांना वाटतं बॉल लांबच्या खांबाला जाणार. तोवर आमची प्राजक्ता, ही उंच, मागून धावत येते आणि डोकं लावते. कोणाला पत्ताच लागत नाही!"

"वा! आणि बचाव?"

"बचाव म्हणजे केतकी. भिंत आहे भिंत! आता खोटं कशाला बोलू, सेकंड हाफमध्ये जरा दमते. तिची बाजू तेव्हा मोकळी पडते. पण पोरगी गुणाची."

"आणि मुक्ता?"

इथे माझा ऊर भरून आला हो. मी सगळ्यात वरच्या फळीवरचा माल काढला.

"मुक्ताची झेप बघितलीयस? पेनल्टीला तर बघत राहावं. आता एक बारीक गोष्ट आहे, पेनल्टीला ती कायम आपल्या उजवीकडेच झेप घेते. कायम! पण काय झेप, अहाहा!"

नीलेशने मोबाइल बंद केला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. मला वाटलं कौतुकाने.

संध्याकाळी व्हिडिओ आला. नाव दिलेलं, 'डोंबिवलीच्या टीमचं सगळं गुपित!' मी काय केलं असेल? मी तो स्वतःच्या बोटांनी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. वर हात जोडलेल्या बाहुल्या. माझा सख्खा मेहुणा राहतो कुठे? कोपरीत! त्याने भावजींच्या अभिमानाने तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कोपरीच्या टीमकडे पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आमच्याकडे कुकरची दुसरी शिट्टीही झाली नव्हती.

मुक्ता प्रॅक्टिसहून आली. दारातच उभी.

"बाबा, तू काय केलंस?"

"बघितलास? आवाज कसा आलाय?"

"बाबा!"

"पडदे चांगले दिसतायत ना?"

तिने बॅग खाली टाकली. "बाबा, मी कुठे झेप घेते ते तू त्यांना सांगितलंस. कॉर्नर सांगितलास. केतकी दमते तेसुद्धा सांगितलंस! आता त्यांनी करायचं काय राहिलं? फक्त यायचं!"

हात जागच्या जागी थिजले माझे. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की गिऱ्हाईक आणि शत्रू यांच्यात फरक असतो.

आमच्या हिने स्वयंपाकघरातून फक्त एवढंच विचारलं, "अहो, घराच्या कुलपाची किल्ली कुठे ठेवतो ते सांगितलं की राहून गेलं?"

मी नीलेशकडे धावलो. "बाबा रे, काढून टाक तो व्हिडिओ."

"काका, वेडे झालात? माझ्या चॅनलवर आजवर एवढे लोक आलेच नव्हते! आणि सगळे ठाण्याचे!"

"म्हणूनच काढ!"

फार गयावया केल्यावर त्याने काढला. आणि तासाभरात नवा टाकला, 'काकांनी घाईघाईने काढायला लावलेला व्हिडिओ, एकदा बघाच!' ज्या ठाणेकरांनी पहिला बघितला नव्हता, त्यांनी हा बघितला.

गिरीश सर घरी आले. सज्जन माणूस. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते पोहेसुद्धा नको म्हणाले. तेव्हा मी खरा घाबरलो.

"सर, मी सुचवू का?" मी म्हणालो.

"नको," सर, मुक्ता आणि ही, तिघंही एकदम म्हणाले.

तरी मी सुचवलंच. "सगळं उलटं करू या. कॉर्नर लांबच्या खांबाला. मुक्ताने झेप डावीकडे. त्यांना वाटेल एक, आपण करू दुसरंच!"

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "दुसरं करण्यासारखं तुम्ही काही शिल्लक ठेवलेलं नाहीत, काका."

आणि उलटी प्रॅक्टिस सुरू झाली. मैदानावर झाली ती झालीच, पण मी घरीही सोडलं नाही. हॉलमध्ये डाव्या बाजूला गाद्या अंथरल्या, त्यावर चादरींचे गठ्ठे ठेवले आणि उशी फेकायला लागलो. "डावीकडे, मुक्ता! डावीकडे!" ती बिचारी माझं मन राखायला पडायची. एकदा डावीकडे, आणि जरा लक्ष हटलं की धप्पकन उजवीकडे, जिकडे गादीच नाही. खालच्या मजल्यावरचे गोखले काका वर आले.

"कोण पडलं?"

"कोणी नाही हो, मुक्ता."

"काय झालं तिला?"

"काही नाही. बापाने पाडली," मुक्ता जमिनीवरूनच म्हणाली.

मॅच ठाण्याला. आमची मिनीबस शीळफाट्याला अडकली ती अशी की मला वाटलं, आता इथेच मुक्काम. मागच्या सीटवर एक मुलगी म्हणाली, "काका, बोलणार असाल तर थोडं बोला ना." दुसरी म्हणाली, "नको गं, खिडकी उघडी आहे." सगळी बस हसली. मुक्ता नाही हसली. ती आपल्या ग्लोव्हजची पट्टी काढत होती, लावत होती.

मैदानावर कोपरीच्या कोच राजश्रीताई भोईर उभ्या. उंच, करकरीत बाई, गळ्यात शिट्टी. माझ्याकडे बघून अशा हसल्या की मी बायकोच्या मागे सरकलो.

मॅच सुरू झाली. आम्हाला पहिला कॉर्नर मिळाला. ठरल्याप्रमाणे सायलीने लांबच्या खांबाला मारला. बघतो तर काय, तिथे कोपरीच्या तीन पोरी आधीच उभ्या! जशा काही खोपटच्या डेपोत एसटीची वाट बघतायत. बॉल आला, त्यांनी आरामात घालवून दिला.

"यांना कसं कळलं?" मी हिला विचारलं.

"तुम्ही झोपेत बोलता," ही म्हणाली.

दुसरा कॉर्नर, तेच. तिसरा, तेच! जवळच्या खांबापाशी चिटपाखरू नाही आणि लांबच्या खांबाला जत्रा. सेकंड हाफ सुरू झाला. केतकी बिचारी दमली, कमरेवर हात ठेवून उभी. मी डोळे मिटून घेतले, आता येणार त्या तिच्याच बाजूने. तर एक पोरगी तिच्याकडे फिरकेना! सगळ्या दुसऱ्या बाजूने, जिथे आमच्या दोन धडधाकट मुली उभ्या, तिथेच जाऊन आपटत होत्या. मला फुटबॉल कळत नाही, पण हे त्या खेळाला तरी कळत होतं का?

आणि मग परत कॉर्नर मिळाला. सायलीने मारायला पाय उचलला आणि गवतावरून घसरली. किक कमी पडली. बॉल लांब जायच्याऐवजी जवळच्या खांबापाशी पडायला लागला. प्राजक्ताला लांब जायचं सांगितलेलं, पण बॉल जवळ दिसल्यावर जुन्या सवयीने ती धावलीच. समोर कोणी नाही. डोकं लावलं, गोल!

मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. तो कोपरीचा निघाला. त्याने मला बाजूला केलं, पण हळूच केलं.

एक-शून्य. आता फक्त टिकवायचं. आणि मॅच संपायला आलेली असताना आमच्याच एका मुलीचा पाय चुकून त्यांच्या मुलीच्या पायात गेला. पेनल्टी!

 हा गोल झाला तर बरोबरी, म्हणजे कोपरी वर. गोलाच्या मधोमध माझी मुक्ता, एकटी. तिने एकदा ग्लोव्हजची पट्टी काढून परत लावली. समोर कोपरीची स्ट्रायकर, बॉल ठेवून मागे सरकतेय.

डावीकडे सांगितलंय, पोरी. विसरू नको. डावीकडे! माझ्या तोंडातून शब्द सुटणार तेवढ्यात हिने शेंगदाण्याच्या चिक्कीचा भला मोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

"एक अक्षर बोलाल तर बघा!"

मी तोंडात चिक्की, डोळ्यांत पाणी, असा बघत राहिलो.

शिट्टी झाली. स्ट्रायकर धावली. आणि मुक्ता... अहो, ती उजवीकडे गेली! एवढ्या गाद्या, एवढे गठ्ठे, एवढी गोखले काकांची झोपमोड, सगळं फुकट! गेली तीही पूर्ण लांब, ताणून. मी चिक्की चावायचा थांबलो.

आणि बॉलही तिकडेच आला! सरळ तिच्या हातात. धरला. पोटाशी घट्ट धरून ती जमिनीवर पडली आणि उठेचना. बॉल सुटू नये म्हणून उठेचना! शेवटी रेफ्रीने येऊन तिला सांगितलं, "अगं, उठ आता, खेळायचंय अजून."

थोड्याच वेळात मॅच संपली. आमच्या पोरी मुक्ताच्या अंगावर पडल्या. मी मैदानात धावलो, पण चिक्की दातांत अडकलेली, त्यामुळे मला फक्त "उं, उं" करता येत होतं. मुक्ताने मला मिठी मारली. चिखलासकट.

"सॉरी बाबा, डावीकडे जायचं ठरवलेलं रे. पण ऐन वेळी अंग ऐकलंच नाही."

तेवढ्यात राजश्रीताई आल्या. हात पुढे केला.

"काका, मानलं तुम्हाला. खरं सांगून फसवलंत."

मी चिक्की गिळली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? व्हिडिओ बघितला, तेव्हाच मी तुम्हाला ओळखलं. मागे डोंबिवलीला मावशीकडे आलेले तेव्हा तुमच्या दुकानातून एक लाल चादर घेतलेली. 'ताई, रंग गेला तर दुकानाचं नाव बदलीन,' असं म्हणालेलात. घरी नेली, भिजवली. आमच्या ह्यांचे सगळे बनियन गुलाबी! अजून तेच घालतात."

"अहो, ती पहिल्यांदा वेगळी भिजवायची असते," मी बारीक आवाजात म्हणालो.

"ते तेव्हा बोलला नाहीत. म्हणून मी माझ्या पोरींना सांगितलं, हा माणूस मालाबद्दल जे बोलेल त्याच्या बरोब्बर उलटं धरायचं. उजवीकडे झेप घेते म्हणतोय? म्हणजे डावीकडे घेते. बॉल तिच्या उजवीकडे मारा. जवळचा खांब म्हणतोय? लांबचा धरा. ती एक मुलगी दमते म्हणतोय? म्हणजे तीच सगळ्यात भारी, तिच्या वाटेला जाऊ नका."

मागून त्यांची स्ट्रायकर आली. डोळे लाल, नाक लाल.

"मॅडम, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं! एवढ्या भोळ्या तोंडाने कोणी खोटं बोलू शकत नाही. काका खरंच बोलत होते!"

"तू गप्प गं," राजश्रीताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काका, आता तरी सांगा. मुद्दाम केलंत ना? मला कळलंच नाही म्हणजे तुम्ही फार पोचलेले."

आली का पंचाईत! हो म्हणालो तर लबाड. नाही म्हणालो तर मूर्ख. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला इतकं अवघड गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. गिरीश सरही कान देऊन उभे. मी नुसता हसलो. दोन्ही बाजूंना जुळेल असं हसू. आमच्याकडे ते स्टॉकमध्ये कायम असतं.

"राजश्रीताई, या कधी दुकानात," मी म्हणालो. "तुमच्या ह्यांच्यासाठी पांढरे बनियन देतो. माझ्याकडून."

"पांढरे म्हणताय? म्हणजे नक्की कुठल्या रंगाचे?" त्या म्हणाल्या, आणि सगळं मैदान हसलं. ती स्ट्रायकरसुद्धा.

मिनीबसकडे चालताना मुक्ता माझ्या शेजारी होती. ग्लोव्हज अजून हातातच. मी खिशातून संत्रं काढून तिच्याकडे टाकलं. तिने न बघताच एका हाताने धरलं, आणि त्या ग्लोव्हजनेच सोलायला लागली.

"बाबा, आता वरच्या डिव्हिजनमध्ये पहिली मॅच आहे ना, तिच्या आधीसुद्धा नीलेशदादाकडे बोल हं."

मी जागीच थांबलो. "नको गं बाई! कानाला खडा. आता काय बोलू मी?"

"काय म्हणजे?" संत्र्याची फोड माझ्या तोंडात घालत ती म्हणाली. "सगळं खरं खरं सांग. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणारे?"